कोळशाचं गोंदण

जमिनीखालच्या खाणीत छताची कपार निसटून डोक्याला घासून गेली, की कातडी फाटते आणि जखम धुवायच्या आत तीत कोळशाची भुकटी बसते. जखम आठवड्याभरात भरून येते, भुकटी मात्र आतच राहते. मागे उरते ती निळसर रेघ. कोळसा काळा, मग रेघ निळी कशी? कातडीखाली खोल गेलेला काळा रंग वरून निळाच दिसतो. आजीच्या हनुवटीवरचं गोंदण काजळीचं असूनही निळं-हिरवं दिसायचं, त्याचं कारणही हेच. अमेरिकेच्या ॲपलाचिया डोंगरातले खाणकामगार या रेघेला ‘कोल टॅटू’ म्हणतात. मुद्दाम कोणी काढून घेत नाही, आणि एकदा उमटली की जातही नाही.

याच नावाचं एक गाणं बिली एड व्हीलर या वेस्ट व्हर्जिनियातल्या गीतकारानं लिहिलं. रस्त्यावर काम शोधत फिरणाऱ्या माणसाला कोणी तरी विचारतं, डोक्याच्या बाजूला ही कसली खूण? तो सांगतो, कोळशाची आहे, आणखी थोडं खोल लागलं असतं तर मेलो असतो. पुढे त्याच गाण्यात तो कबूल करतो की खाणीतली गडगड, अंधार, दगडाचा गारवा यांची त्याला ओढ आहे. युनियनसाठी आपण उभे राहिलो, आता आपल्यासाठी कोण उभं राहणार, हा प्रश्नही तिथेच येतो. जखम, माया आणि बेकारी अशा तिन्ही गोष्टी तीन मिनिटांत. गायिका कॅथी मटेयाच्या ‘कोल’ या 2008 सालच्या अल्बमात हे गाणं आहे, आणि अख्ख्या अल्बमाची चावीही त्यातच आहे.

मटेया मूळची वेस्ट व्हर्जिनियातल्या क्रॉस लेन्सची. दोन्ही आजोबा खाणीत कामाला होते. पण ती मोठी झाली नॅशव्हिलच्या मुख्य प्रवाहातल्या कंट्री संगीतात. 1989 आणि 1990 अशी लागोपाठ दोन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशननं तिला सर्वोत्तम गायिकेचा पुरस्कार दिला. अशा गायिकेनं बॅन्जो, फिडल, मँडोलिन घेऊन खाणीची जुनी गाणी गावीत, यात बाजाराचा हिशेब शोधूनही सापडत नाही. निमित्त होतं सागोचं.

2 जानेवारी 2006. वेस्ट व्हर्जिनियातल्या सागो खाणीत नववर्षाच्या सुट्टीनंतरची पहिली पाळी आत जात असताना, सकाळी साडेसहाच्या सुमारास, स्फोट झाला. खाणीचा जो भाग काम संपवून बंद केला होता, त्यात मिथेन हा पेट घेणारा वायू साठला होता. कोळसा उचलून झालेल्या अशा पोकळीला आपल्याकडच्या खाणींत ‘गोफ’ म्हणतात. गोफ वेगळा करायला भिंती बांधतात. सागोतल्या भिंती हलक्या फोमच्या ठोकळ्यांच्या होत्या आणि दर चौरस इंचाला 20 पौंडांचा दाब सोसतील एवढ्याच अपेक्षेनं त्या मंजूर झाल्या होत्या. स्फोटाचा दाब त्याहून कितीतरी पट निघाला आणि भिंतींचा भुगा झाला. ठिणगी विजेची असावी, आकाशातल्या विजेची, असा सरकारी चौकशीचा निष्कर्ष होता.

तेरा जण आत अडकले. एक जण स्फोटातच गेला होता. उरलेल्या बारांनी कामाच्या टोकाशी ब्रॅटिसचं कापड टांगून आडोसा केला. हवा वळवायला खाणीत वापरतात ते हे जाड कापड. कमरेला तासाभराच्या प्राणवायूचे डबे होते, पण त्यांतले काही चाललेच नाहीत, असं वाचलेल्या एकमेव कामगारानं नंतर सांगितलं. छतात ठोकलेल्या लोखंडी बोल्टांवर ते आळीपाळीनं घण मारत राहिले. हा आवाज दगडातून वर जातो आणि वरून उत्तर येतं, असं प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. उत्तर आलं नाही. एक्केचाळीस तासांनी बचाव पथक पोचलं. त्याआधी चर्चमध्ये जमलेल्या घरच्यांना बातमी मिळाली होती की बारा जण जिवंत आहेत. घंटा वाजल्या, लोक नाचले. तब्बल तीन तासांनी खरं सांगण्यात आलं: जिवंत एकच.

मटेयाला हे ऐकताना 1968 चं फार्मिंग्टन आठवलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्या खाणीत 78 माणसं गेली. आग विझेना म्हणून खाणीची तोंडंच बंद करावी लागली आणि 19 जणांचे देह कधीच वर आले नाहीत. असं दुःख घेऊन एखाद्यानं सागोवर नवं गाणं लिहिलं असतं. तिनं तसं केलं नाही. अल्बमातल्या एकाही गाण्यात सागोचं नावसुद्धा नाही. तिनं आधीच लिहिलेली, बहुतेक जुनी गाणी काढली आणि मँडोलिनवाला मार्टी स्टुअर्ट निर्माता म्हणून सोबत घेतला. हा तिचा सगळ्यात शहाणा निर्णय, असं माझं मत आहे. कारण ही जुनी गाणी खाणीच्या कामाविषयी इतकी नेमकी आहेत की दरवेळी नवीन अपघात झाला की ती आपोआप ताजी होतात.

नेमकी म्हणजे किती, ते मर्ल ट्रॅव्हिसच्या गाण्यात पाहा. अंधारकोठडीसारख्या खाणीचं त्याचं हे गाणं 1946 मधलं, केंटकीतल्या म्युलेनबर्ग काउंटीत वाढलेल्या खाणकामगाराच्या मुलानं कॅलिफोर्नियात बसून लिहिलेलं. चाल वॉल्ट्झची आहे, तीन-तीन मात्रांची, जवळपास दादऱ्यासारखी झुलती. एवढ्या गोड चालीवर ओलावा, अंधार, धोका असं सगळं येतं. खाणीची सवय दारूसारखी रक्तात भिनते, हेही येतं. शेवटी गाणारा म्हणतो की मेल्यावर युगं लोटली की माझ्या हाडांचा कोळसा होईल, आणि मी स्वर्गाच्या दारातून खाली बघेन तेव्हा कोणी तरी माझीच हाडं खणत असेल.

शहरातल्या श्रोत्याला ही कविकल्पना वाटते. खाणकामगाराला ‘केटल बॉटम’ आठवतं.

सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी या भागात दलदलीची जंगलं होती. दलदल कुजून कोळसा झाली, आणि तिच्यात उभी असलेली झाडं वरून आलेल्या गाळात जागच्या जागी गाडली गेली. खोड आतून कुजलं, पोकळीत गाळ भरला, त्याचा दगड झाला. बाहेरची साल तेवढी कोळशाच्या पातळ पापुद्र्यासारखी उरली. आता खालचा कोळसा काढला की छतात हा दगडी बुंधा उघडा पडतो. दिसतो तो फक्त एक गोल, तव्याएवढा किंवा परातीएवढा, कडेनं काळी चकचकीत किनार. बुंधा खाली रुंद, वर निमुळता, आणि भोवतीची साल गुळगुळीत. म्हणजे त्याला धरून ठेवणारं काहीच नाही. काही शे किलोंचा हा दगड बाटलीच्या बुचासारखा सुटतो. इतर छत पडण्याआधी करकरतं, खडे गळतात. हा काहीच बोलत नाही. उपाय दोनच: दिसल्या दिसल्या पाडून टाकायचा, नाहीतर त्याच्या दोन्ही बाजूंना बोल्ट मारून मधे पोलादी पट्टी आवळायची. आधी झाडाचा दगड झाला, आता त्या झाडाखाली माणूस. ट्रॅव्हिसची कल्पना इतकी साधी आहे ती म्हणून.

छताचं बोलणं हा या लोकांच्या कामाचा अर्धा भाग. सब्बल घेऊन छताला ठोकायचं. ‘टण्’ असा भरीव आवाज आला तर दगड धरून आहे. ‘ढप्’ असा पोकळ आला तर थर सुटलाय, पाडा. आपल्याकडे सावनेरच्या भूमिगत खाणींत हेच काम करणारा ‘ड्रेसर’ असतो, आणि ठोकायची पद्धतही तीच. बोल्ट यायच्या आधी छत लाकडी टेकूंवर असायचं. टेकू छतापेक्षा थोडा आखूड कापायचा, डोक्यावर सपाट फळी ठेवायची आणि वरून पाचर ठोकून घट्ट करायचा. लोखंडाचा खांब अधिक मजबूत, तरी जुने लोक लाकडावर विश्वास ठेवायचे. कारण लाकूड मोडण्याआधी तडतडतं, पळायला अवधी देतं. लोखंड न बोलता वाकतं.

आणि या टेकूंचे पैसे मिळायचे नाहीत. हे कळलं की अल्बमातली जीन रिची या केंटकीच्या लोकगायिकेची गाणी वेगळी ऐकू येतात.

कामगाराला मजुरी टनावर मिळायची. आडवं पडून कुदळीनं कोळशाच्या तळाला खाच घ्यायची, छातीला टेकवलेल्या गिरमिटानं भोक पाडायचं, सुरुंगाची दारू भरून मातीनं ठासायचं, उडवायचं, आणि सुटलेला कोळसा फावड्यानं टबात भरायचा. टबाच्या आत एका खिळ्याला आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा. वर काट्यावर बिल्ला बघून वजन त्या नंबराच्या नावावर चढायचं. पण टेकू लावणं, रूळ टाकणं, पडलेला दगड हटवणं, पाणी उपसणं या सगळ्याला ‘डेड वर्क’ म्हणत. मेलेलं काम, म्हणजे बिनपैशांचं. टबात दगड सापडला की वजन कापलं जायचं. काही ठिकाणी कंपनी कामगाराकडून 2,240 पौंडांचा टन मोजून घ्यायची आणि विकताना 2,000 पौंडांचा टन धरायची. युनियननं काट्यावर स्वतःचा माणूस बसवायचा हक्क एवढ्या हिरिरीनं का मागितला, ते या दोन आकड्यांत आहे. आता विचार करा: टेकू लावण्यात तास घालवला तर तासाभराचा कोळसा बुडाला. म्हणून माणसं ‘हा एवढा टब भरतो, मग टेकू लावतो’ म्हणायची. छतानं गेलेल्या अनेकांच्या मृत्यूमागे हा हिशेब होता. सरकारी कागदावर मात्र ‘निष्काळजीपणा’ लिहिलेलं असायचं.

मजुरीही बऱ्याचदा ‘स्क्रिप’मध्ये मिळायची. कंपनीनं पाडलेली धातूची नाणी, मधे कंपनीच्या खुणेचं भोक. पगाराच्या आधी उचल म्हणून घ्यायची आणि कंपनीच्याच दुकानात खर्चायची. रोख हवी असेल तर बदलताना काट बसायची.

जीन रिची केंटकीतल्या व्हायपर गावची, चौदा भावंडांत शेंडेफळ, डोंगरी लोकगीतं आणि डल्सिमर या तंतुवाद्यासाठी प्रसिद्ध. खाणीची गाणी मात्र तिनं ‘थॅन हॉल’ या नावानं लिहिली. ते तिच्या आजोबांचं नाव. अशी गाणी बाईनं लिहिली तर कोणी मनावर घेणार नाही, आणि वयस्कर आईलाही त्रास नको, असा तिचा विचार होता. अल्बमाची सुरुवात तिच्याच गाण्यानं होते. लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेची गाडी आता इथे थांबत नाही, एवढंच त्याचं पालुपद. मधे एक कडवं आहे. लहानपणी मुलाला वाटायचं बाप काळाच आहे, आणि त्याच्या खिशात दुकान विकत घेता येईल इतकी स्क्रिप आहे. आता बाप रिकाम्या खिशानं गावात जातो आणि त्याचा चेहरा फेब्रुवारीच्या बर्फासारखा पांढरा आहे. म्हणजे काय? म्हणजे तोंड धुवावं लागत नाही. स्वच्छ चेहरा ही बेकारीची खूण. कोळसा-गावात राहिल्याशिवाय ही ओळ सुचणं अवघड आहे. पुढे स्वप्नात तो पगार घ्यायला कचेरीत जातो, तर दारावर वेल चढलेत आणि जमिनीतून गवत उगवलंय.

गाडी थांबेनाशी झाली ती कोळसा संपला म्हणून नव्हे. वेस्ट व्हर्जिनियाचे आकडे काढले तर 1940 मध्ये तिथे सव्वा लाखांहून जास्त खाणकामगार होते, आणि अल्बम निघाला तेव्हा वीस हजारांच्या आसपास. कोळसा मात्र आधीपेक्षा जास्तच निघत होता. 1950 मध्ये युनियनचे पुढारी जॉन एल. लुईस आणि मालक यांच्यात करार झाला. मालकांनी हवी तेवढी यंत्रं आणावीत, बदल्यात दर टनामागे ठरावीक रक्कम युनियनच्या आरोग्य आणि निवृत्ती निधीत घालावी. त्या पैशांतून डोंगरात चांगली इस्पितळंही उभी राहिली, हे खरं. पण उरलेल्यांना जास्त पगार आणि बाकीच्यांना डेट्रॉइटच्या कारखान्यांकडे जाणारी बस, असा तो सौदा होता. अल्बमातल्या रिचीच्या दुसऱ्या गाण्यात खाणींची नावं हजेरीसारखी येतात. ही बंद, ती बंद, आता ब्लू डायमंडही. म्हाताऱ्या कामगारानं जावं कुठे? या गाण्याला पॅटी लव्हलेसचा साथस्वर आहे. ती पाइकव्हिलची, तिचे वडील खाणीत होते आणि त्यांना काळं फुप्फुस, म्हणजे कोळशाच्या धुळीनं होणारा रोग, झाला होता. दोन आवाज एकत्र येतात तिथे कंट्रीचा चकचकीतपणा पार उतरतो.

यंत्रांनी आणखी एक गोष्ट केली, तिच्याबद्दल शेवटच्या गाण्यापाशी.

मधली काही गाणी मी पटकन ओलांडतो. वेस्ट व्हर्जिनियाच्या हिरव्या टेकड्यांचं गाणं गोड आहे, जरा जास्तच गोड. 1974 मध्ये हार्लन काउंटीतल्या ब्रुकसाइड संपात मारल्या गेलेल्या तरुण कामगारावरचं साय कान यांचं गाणं प्रामाणिक आहे, पण त्यात सभेचा सूर लागतो. डॅरेल स्कॉटच्या हार्लनच्या गाण्यात मात्र एक ओळ थांबवते: तिथे सूर्य सकाळी दहाला उगवतो आणि दुपारी तीनला मावळतो. हे वर्णन शब्दशः घ्यायचं. डोंगरांच्या घळी इतक्या अरुंद आणि उभ्या आहेत की ऊन तेवढाच वेळ तळाशी येतं. पहाटे अंधारात खाणीत जायचं, संध्याकाळी वर यायचं तर घळीत पुन्हा अंधार. हिवाळ्यात माणसाला ऊन दिसायचं फक्त रविवारी.

‘रस्ते आले’ या अर्थाचं व्हीलरचं गाणं वरवर प्रेमभंगाचं आहे. रस्ता आला, यंत्रं आली, झाडं कापली गेली, डोंगरउतार तेलकट झाला, आणि प्रेमाचं माणूसही पैशांच्या मागे गेलं. त्याखाली एक कागद दडलेला आहे. 1900 च्या आगेमागे दलालांनी केंटकीतल्या शेतकऱ्यांकडून जमिनीखालचे हक्क विकत घेतले, कित्येकदा एकरी पन्नास सेंट इतक्या भावानं. जमीन तुमचीच राहील, असं सांगून अंगठे घेतले. त्या ‘ब्रॉड फॉर्म डीड’मध्ये लिहिलं होतं की खनिज काढायला जे जे लागेल ते करायची मुभा खरेदीदाराला आहे. तेव्हा खाण म्हणजे डोंगराला पाडलेलं भोक. साठ वर्षांनी बुलडोझर आले आणि कोर्टांनी अर्थ लावला की अख्खा उतार सोलून काढणं हेही त्या मुभेत बसतं. घर, मका, दफनभूमी, काहीही मधे आलं तरी. केंटकीनं राज्यघटनेत दुरुस्ती करून हे थांबवलं ते 1988 साली. तोवर नातवांच्या अंगणात आजोबांचा अंगठा येऊन उभा राहत होता.

अल्बमाचं शेवटचं गाणं हेझल डिकन्सचं, काळ्या फुप्फुसाचं. तिचा भाऊ याच रोगानं गेला, त्यानंतर लिहिलेलं.

या रोगात काय होतं, ते बघायला हवं. नाकातले केस आणि घसा मोठी धूळ अडवतात. साधारण पाच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि मरतात. भोवती चट्टा तयार होतो. चट्टे एकमेकांना मिळाले की मुठीएवढा कडक काळा गोळा होतो आणि त्या भागातून हवा जाणं बंद. खाण सोडली तरी गोळा वाढतच राहतो. यावर औषध नाही. 1969 च्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियाच्या सुमारे 40 हजार कामगारांनी पगारासाठी नव्हे, या रोगाच्या भरपाईसाठी तीन आठवडे संप केला. त्याच वर्षी केंद्रीय कायदा आला आणि हवेतल्या धुळीला मर्यादा पडली: आधी घनमीटरला 3 मिलिग्रॅम, मग 2, आणि 2016 पासून दीड.

रोग कमी झाला, आणि पुन्हा वाढला. जाड थर संपले होते. पातळ थर काढायचा तर फिरत्या दातांचं यंत्र वरचा-खालचा दगडही कापतं, कारण यंत्राला आणि माणसाला उभं राहायला तेवढी उंची लागते. दगडात सिलिका असते आणि ती कोळशापेक्षा फुप्फुसाला कितीतरी घातक. शिवाय पाळ्या लांबल्या. 2018 मध्ये अमेरिकी सरकारच्याच आरोग्य संशोधन संस्थेनं सांगितलं की मध्य ॲपलाचियात पंचवीस वर्षं काम केलेल्या दर पाच कामगारांत एकाला हा रोग आहे.

अल्बम येऊन दोन वर्षं झाली आणि 5 एप्रिल 2010 रोजी अपर बिग ब्रँच खाणीत 29 जण गेले. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दात झिजलेले, पाण्याचे फवारे नादुरुस्त. दात दगडावर घासून ठिणगी उडाली, मिथेन पेटला. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असला की पेटतो, पण एकटा थोडक्यात विझतो. खरा संहार करते ती त्याच्या धक्क्यानं उडालेली कोळशाची धूळ. ती निष्प्रभ करायला सगळीकडे चुनखडीची पांढरी पूड, म्हणजे आपली ‘स्टोन डस्ट’, मारावी लागते. ती पुरेशी मारलेली नव्हती. ज्या 24 जणांच्या फुप्फुसांची तपासणी करता आली त्यांतल्या 17 जणांना आधीच काळं फुप्फुस होतं. मारणारी धूळ आणि आत साचलेली धूळ एकच. त्या 29 जणांचं स्मारक उभं आहे ते व्हाइट्सव्हिलला, बिली एड व्हीलर जन्मला त्या गावात.

डिकन्सचं गाणं मटेया एकटी गाते. गिटार नाही, फिडल नाही, मागे कोणी नाही. डोंगरातल्या जुन्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये वाद्यांविना गातात, तसं. वाद्यं असली की गायिकेचा श्वास त्यांच्या आड लपतो. इथे दोन ओळींच्या मधे तिनं घेतलेला प्रत्येक श्वास ऐकू येतो.